दोरखान्यात उलटे चालणारे गृहस्थ

मंगळवार, ४ मार्च, दुपारी १ वाजून २० मिनिटे

अन्याय झाला ती वेळ नोंदवून ठेवते आहे. नंतर कोणी मला विचारायला नको.

यांचा कोट खुंटीला लावताना बाहीवर एक केस सापडला. सोनेरी. माझे केस पांढरे आहेत आणि कानाच्या वरच संपतात. मुलीचे काळे, आणि ती परगावी. घरात मांजर नाही, कारण मांजराचं वागणं मला पटत नाही.

विचारलं, सकाळभर कुठे होतात? म्हणाले, लायब्ररीत. लायब्ररी रंगकामासाठी महिनाभर बंद आहे. मला ठाऊक असणारच, रंगाच्या वासाबद्दल पहिली तक्रार माझी होती. तसं म्हटलं. तर म्हणाले, "हं."

या माणसाने आजवर मला जे काही सांगितलं ते बहुतेक या एका अक्षरात बसतं. ऑफिसात नकाशे काढायचे, तिथे बोलावं लागत नसे. घरी आल्यावरही लागत नाही असा त्यांचा समज आहे.

माझी सगळी नोकरी पाणी कंपनीच्या तक्रार विभागात झाली. तिथला पहिला नियम: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला आधी काहीही विचारायचं नाही. आधी पुरावा, मग खुलासा, तोही लेखी आणि मुदतीत. केस पाकिटात घालून पाकिटावर तारीख टाकली.

ठराव: शांत राहायचं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने आम्हाला छडी खातानासुद्धा मान ताठ ठेवायला शिकवलं होतं.

संध्याकाळी: दुधाचं पातेलं ओट्यावर जरा जोरात ठेवलं गेलं. यांनी वर बघितलं. मी म्हटलं, पातेलं जड आहे.

बुधवार, ५ मार्च

केसाची तपासणी केली. इस्त्रीच्या टेबलावर सरळ ताणून ठेवला, तर टेबल संपलं आणि केस उरला. एवढे केस विंचरायला बाईची अख्खी सकाळ जात असणार. म्हणजे ती नोकरी करत नाही. हुंगून बघितला. शांपूचा वास नाही. तेलाचा आणि काहीसा तबेल्याचा. म्हणजे घोड्यावर बसते. म्हणजे पैसेवाली.

मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, आई, बाबांना सरळ विचार ना. तिला तक्रार विभागाचा नियम समजावून सांगितला. त्यावर ती म्हणाली की बाबा माणूस आहेत, नळ नाहीत. हल्लीच्या मुलांना पद्धत म्हणून काही कळत नाही.

हे दाढी करताना गुणगुणत होते. नोंद घेतली.

गुरुवार, ६ मार्च

दहाच्या सुमारास निघाले. हातात पिशवी. पिशवीत काय? कापडी बूट! पायात एक जोड असताना दुसरा जोड कोण बरोबर घेतं? नाचायला जाणारा माणूस घेतो. कुठेतरी पाणी मुरतंय हे आता स्पष्ट झालं.

मागोमाग निघाले. त्याच बसमध्ये चढले, मागच्या दाराने, अतिशय सफाईने. पण वरचं हँडल तेलकट होतं. कंडक्टरला म्हटलं, हे पुसून घ्या. तो म्हणाला, पुढच्या स्टॉपला बघतो. मी विचारलं, पुढचा स्टॉप म्हणजे कधी, वेळ सांगा. या चर्चेत हे कुठे उतरले ते दिसलं नाही. माझा दोष नाही. सार्वजनिक स्वच्छतेचा प्रश्न होता.

दोनला परत आले. भूक लागलेली, गाल लाल. मी काही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की काही लोकांना या वयात फार हवा मानवते.

"हं."

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी विचार पक्का झाला. चोरून भेटणारी माणसं भेटणार कुठे? बागेत ओळखीचे लोक फिरत असतात. हॉटेलात वरच्या मजल्यावरची शेजारीण बसलेली, तिला घरी चहा करता येत नाही. मग उरतात ती कोणीच जात नाही अशी ठिकाणं. आणि कोणीच जात नाही अशा ठिकाणांची माहिती कोणाकडे असते? ज्यांना तिथे लोक न्यायचे असतात त्यांच्याकडे.

स्टेशनाजवळच्या पर्यटन खिडकीवर गेले. आतल्या मुलीला म्हटलं, या शहरात कोणीही जात नाही अशी ठिकाणं सांगा. मुलगी चक्क काउंटरमागून बाहेर आली. म्हणाली, मॅडम, मी रुजू झाल्यापासून हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाहेरगावाहून आलात का? म्हटलं, जन्म इथे गेला, म्हणूनच विचारते आहे.

तिने तीन ठिकाणं सांगितली. बटणांचं संग्रहालय, जुनं पंपघर आणि कालव्याकाठचा दोरखाना. वर म्हणाली, छोटी आहेत, पण एकदा गेलात की आश्चर्य वाटेल. आश्चर्य वाटेल असं आधीच सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. आमच्याकडे दुरुस्तीवाले असंच बोलायचे.

ठराव: प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. आत जायचं, पाहणी करायची, बाहेर यायचं. कशातही गुंतायचं नाही.

शनिवार, ८ मार्च

बटण संग्रहालय. शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चालवणारा निवृत्त शिंपी. डोक्याला टक्कल, त्यामुळे त्याला संशयितांतून लगेच वगळलं.

दहा मिनिटांत निघणार होते. पण समोर एक पितळी बटण, फिरवलं की उघडणारं. आत पोकळ. मी विचारलं, यात काय लपवायचे? शिंपी म्हणाला, तुम्ही काय लपवलं असतं? या माणसाला बोलतं करण्यासाठी उत्तर देणं भाग होतं. मग त्याने शोकाच्या कपड्यांची काळी बटणं काढली. नीट बघितलं तर सगळी सारखी काळी नाहीत. पहिल्या महिन्याची चमक नसलेली, नंतरची जराशी चकाकणारी. म्हणजे बाईचं दुःख किती ओसरलं ते बटणावरून सगळ्या गल्लीला कळणार! माझ्या काळात हे खातं माझ्याकडे असतं तर काय काय उघडकीस आलं असतं.

त्याने दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा निघाले. पाळतीला चिकाटी लागते.

निघताना यांचा फोटो दाखवला. शिंप्याने लगेच ओळखलं. हे तर मागे येऊन गेले, असे गप्पिष्ट गृहस्थ क्वचित भेटतात, म्हणाला. मी म्हटलं, नीट बघा, माणूस दुसरा असेल. नाही म्हणाला, हेच. हसवून हसवून बेजार केलं होतं म्हणे.

हे? गप्पिष्ट?

शिंप्याला चष्म्याची गरज आहे.

मंगळवार, ११ मार्च

हे दहाला गेले. मी सव्वादहाला. पंपघर.

इतकी वर्षं पाणी कंपनीत काढली आणि पाणी येतं कुठून हे मला एकाही साहेबाने दाखवलं नाही, ही गोष्ट तिथे उभी राहिल्यावर लक्षात आली. जाळीच्या जमिनीखाली खोल काळं पाणी, आणि माणसापेक्षा उंच चाक. लोकांच्या शिव्या मी झेलल्या त्या या चाकाच्या वतीने, आणि आमची ओळखही नव्हती.

तिथे कळ ओढू देतात. लहान मुलांसाठी असावी. मी फक्त ती नीट चालते का हे बघितलं. ओढली की जमीन थरथरते, मग खालून पाणी उसळल्याचा आवाज येतो. खात्री करण्यासाठी पुन्हा ओढली. मागे एक बाई मुलाला घेऊन उभी होती, ती म्हणाली, आजी, आमच्या बाळाला पण एकदा. म्हटलं, रांग माझ्यापासून सुरू होते.

पहारेकऱ्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, हे काका ना? फार छान बोलतात. इथे बरेचदा यायचे, आता दोरखान्यात असतात. मॅडमबरोबर.

मॅडमबरोबर.

सापडली. हे मंगळवारी आणि गुरुवारी जातात. गुरुवारी छापा.

बुधवार, १२ मार्च

तयारी. मुलीचा ठेवणीतला मोठा काळा गॉगल काढला. डोक्याला स्कार्फ. आरशात बघितलं, स्वतःलाच ओळखलं नाही. वरच्या शेजारणीने जिन्यात विचारलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं का. तिला फारच चौकशा.

गुरुवार, १३ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

दोरखाना म्हणजे कालव्याला लागून एक शेड. रुंदीला आमच्या जिन्याएवढी आणि लांबीला अशी की पलीकडचं दार काडेपेटीएवढं दिसतं. एका बाजूला खिडक्याच खिडक्या, जमिनीवर उन्हाच्या पट्ट्या. फळ्यांच्या मधोमध चर पडलेला. दोर वळणारे पिढ्यान्‌पिढ्या टाचांवर उलटे चालले, त्याचा हा चर. डांबराचा आणि तेलाचा वास. हा वास मी इस्त्रीच्या टेबलावर घेतलेला होता. लगेच सावध झाले.

अलीकडच्या टोकाला मोठं लाकडी चाक आणि चाकापाशी मॅडम. दंड पैलवानासारखे, केस बारीक कापलेले, करडे, बूट पुसायच्या ब्रशासारखे.

सोनेरी नाहीत. क्षणभर वाटलं, टोप घालत असेल.

मग हे आले. पायात कापडी बूट. कमरेभोवती सोनेरी केसांचा केवढा तरी भारा गुंडाळलेला! तो ताग. कच्च्या तागाचे तंतू. मी पाकिटात ठेवला होता तो तसला.

इथे फिर्याद संपायला हवी होती. हे बोलायला लागले, म्हणून संपली नाही.

समोर वीसेक माणसं, आणि हे बोलताहेत. वाक्यंच्या वाक्यं. हातवारे करताहेत. भाऱ्यातले तंतू चाकाच्या आकड्याला अडकवले, मॅडमने चाक फिरवलं, आणि हे उलटे चालू लागले. बोटांतून तंतू सुटताहेत आणि समोर सूत तयार होतंय, हवेतून काढल्यासारखं. घरी हा माणूस सरळ चालतानासुद्धा स्टुलावर आपटतो. परत येऊन म्हणाले की हे काम करणारा जन्मभर पुढचं न बघता चालतो, लग्न झालेल्यांना ते वेगळं शिकवावं लागत नाही. लोक हसले. मॅडमसुद्धा.

मग तीन सुतं एकत्र वळून दाखवली. म्हणाले, "प्रत्येक सुताला पीळ एका बाजूला, आणि तिघांना मिळून पीळ उलट्या बाजूला. प्रत्येक जण सुटायला बघतो, म्हणून तर कोणी सुटत नाही."

एका बाईने डोळे पुसले. हे वाक्य यांना कोणी लिहून दिलं याचा शोध घ्यावा लागेल.

मला ओळखलं नाही. गॉगल चांगला निघाला.

तर गुन्हा बाईचा नाही. गुन्हा वाक्यांचा आहे. घरात खर्च करायची वाक्यं हे बाहेर अनोळखी लोकांना वाटताहेत, तीही फुकट.

शुक्रवार, १४ मार्च

अजून काही बोलले नाही. आज जेवताना चाचणी घेतली. विचारलं, कालचा दिवस कसा गेला? म्हणाले, "बरा."

थांबले मी, पुढचं वाक्य येईल म्हणून. पाण्याचा चांगला मोठा घोट घेऊन होईपर्यंत थांबले. काही आलं नाही. मग शांततेत अन्न पचत नाही म्हणून गॅसवाल्याची हकिकत सांगितली, त्यावरून त्याच्या मेहुण्याची, आणि त्यावरून या घरात मला कोणी काही सांगत नाही हा विषय निघाला, तो ताटं उचलेपर्यंत पुरला. मध्ये एकदा यांनी तोंड उघडलं होतं. बहुधा जांभई.

ठराव: दोरखान्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. पुरावा पुरेसा आहे.

मंगळवार, १८ मार्च

एकाच साक्षीवर निकाल देणं बरं नव्हे. पुन्हा गेले.

आज मागे भिंतीशी एक खुर्ची होती, गादी घातलेली. मॅडम म्हणाल्या, काकांनी ठेवायला सांगितली, मागे उभं राहणाऱ्यांची पाठ दुखते म्हणे. बाकी कोणी बसत नव्हतं म्हणून मी बसले.

यांनी सूत धरलं, उलटे चालू लागले. अर्ध्या वाटेवर असताना बोलता बोलता दोरखाना बंद पडल्याचं वर्ष चुकीचं सांगितलं. दारावरच्या पाटीवर वेगळं आहे. मी जागेवरून फक्त वर्ष सांगितलं, आणि पाटी वाचत जा एवढं. यांनी मान वळवली. लोक हसले. माझ्या बाजूने हसले.

नंतर मॅडमनी मला बाजूला घेतलं. उर्मट बाई. म्हणाल्या, उलटं चालणाऱ्याशी कोणी बोलायचं नसतं. फक्त चाकावरच्याने बोलायचं, तेही तीनच शब्द. चल, सावकाश, थांब. त्याला मागचं दिसत नाही, तो चाकावरच्याच्या डोळ्यांनी चालतो. मान हलली की बोटं हलतात. मग ते सूत माझ्या हातात दिलं. अर्ध्यावर एक जाड गुठळी.

"ही तुमची," म्हणाल्या. "आता दोर कुजेपर्यंत राहील."

मी म्हटलं, वर्ष चुकीचं राहण्यापेक्षा गुठळी बरी.

गुरुवार, २० मार्च

गेले. गप्प बसले. जवळजवळ.

शेवटी एका म्हाताऱ्याने यांना विचारलं, हे सगळं तुम्ही शिकलात केव्हा? हे म्हणाले, निवृत्त झाल्यावर. बोलायलाही इथेच शिकलो, आधी सरावच नव्हता. सगळे हसले. मी नाही हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं?

घरी आल्यावर डोकं दुखत होतं. हवा कोंदट आहे तिथली.

रविवार, २३ मार्च

मुलीला फोनवर परिस्थिती सांगितली. ती म्हणाली, म्हणजे आई, तू चोरून बाबांची भाषणं ऐकायला जातेस. म्हटलं, पाळत ठेवते. ती म्हणाली, आवडतात का? म्हटलं, विषय तो नाही.

आवडतात असं म्हणता येणार नाही. बरी असतात. दोराचा भाग चांगला आहे.

मंगळवार, २५ मार्च

आज जे झालं त्याला मी एकटी जबाबदार नाही, हे वरच लिहून ठेवते.

मॅडमची दाढ दुखत होती, त्यांना डेंटिस्टकडे पळायचं होतं. लोक येऊन उभे. चाकाला माणूस नाही. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे. गॉगलवाल्या बाई, तुम्ही फिरवाल का, तोंड बंद ठेवून? म्हटलं, कॉन्व्हेंटात आम्ही दिवसदिवस मौन पाळलं आहे. आतून तपासणी करायची ही संधी सोडणं योग्य नव्हतं.

चाक फिरवताना गॉगल घसरतो म्हणून काढला. हे माझ्याकडे बघून हसले. अजिबात दचकले नाहीत. याचा अर्थ नंतर लावीन.

हे चालू लागले. आणि मला एक गोष्ट दिसली जी खुर्चीवरून दिसत नाही. उलटा चालणारा माणूस सगळी वाट चाकाकडे बघत असतो. म्हणजे माझ्याकडे. उन्हाच्या पट्टीत येत होते, सावलीत जात होते, लहान लहान होत होते, आणि नजर हलत नव्हती. दोघांच्या मध्ये एक सूत, आणि मी चाक फिरवीन तसा त्याला पीळ. एरवी दहा वाजता या माणसाची पाठ बघायची सवय मला. एवढा वेळ माझ्याकडे कोणी बघितल्याला किती काळ झाला ते आठवेना. डोळ्यांत पाणी आलं. तागाची धूळ फार आहे तिथे.

मी एक शब्द बोलले नाही. हे मुद्दाम नोंदवते.

पार पलीकडे, दाराच्या अलीकडे, सफाईवालीने बादली ठेवली होती. पाण्याने भरलेली. चराच्या बरोबर मधोमध. हे तिच्या दिशेने उलटे.

माझ्याकडे शब्द होता. थांब. मॅडमनी दिलेला, अधिकृत.

मी म्हटलं, "अहो, किती वेळा सांगितलं तुम्हाला, मागे बघून चालत जा म्हणून, घरी त्या स्टुलाचं तेच, कोणी ठेवली ती बादली तिथे, अहो, बादली, बा—"

बादली हा शब्द मी दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत हे तिच्यात बसले होते.

शिवाय बादली दाखवायला मी हात वर केला होता. तो चाकावरचा हात. चाक गरगरा उलटं फिरलं, सुताला अशा गाठी पडल्या की अख्खं सूत आखडून माझ्या अंगावर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमच तसा आहे.

बुधवार, २६ मार्च

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, मुका मार. आठवडाभर उशीवर बसायचं. मी त्यांना बादली ठेवणाऱ्यांच्या जबाबदारीबद्दल विचारलं. ते म्हणाले, पुढचा पेशंट.

दोरखान्यातून मॅडमचा फोन. यांची चौकशी केली. मग म्हणाल्या की तुम्ही बघायला कधीही या, खुर्ची ठेवू, पण चाक नको. मी म्हटलं, मीही स्वतःहून मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बरं. अशा बाईशी काय बोलायचं!

गुरुवार, २७ मार्च

गुरुवार, आणि हे घरी. उशीवर, खिडकीत, कालव्याच्या दिशेला तोंड करून. मी समोर बसले. विचारलं, मला ओळखलं होतं का? म्हणाले, पहिल्याच दिवशी. स्कार्फ मीच आणला होता तुला.

म्हटलं, मग बोलला का नाहीत?

यांनी विचार केला. विचार करतात तेव्हा खालचा ओठ चावतात. नकाशा काढतानाही चावायचे.

म्हणाले, "मला वाटलं, तिथे तरी तू ऐकायला येतेस. बोललो तर येणं बंद करशील."

मी म्हटलं, घरी का नाही सांगितलंत, पहिल्या दिवशी, त्या जागेबद्दल?

म्हणाले, "सांगणार होतो. तू बोलत होतीस."

यावर माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी सुरुवातही केली. मग थांबले. चहा ठेवायचा होता.

सोमवार, ३१ मार्च

ठराव: जेवताना न बोलणे. यांना संधी देणे.

सकाळी: पाळला. हे काही बोलले नाहीत. खात्री करण्यासाठी विचारलं, काही बोलायचं आहे का? म्हणाले, नाही, खातोय. मग मध्ये एवढी जागा पडली होती ती वाया जाऊ नये म्हणून मी वरच्या शेजारणीच्या नव्या पडद्यांबद्दल थोडं सांगितलं.

संध्याकाळी: मोडला. पण हे एकदा हसले. पडद्यांवर.

गुरुवार, ३ एप्रिल

हे बरे झाले. दहाला निघाले, पिशवी घेऊन. दारात थांबले. मला वाटलं, चल म्हणतील. मी पर्सही हातात घेऊन उभी होते, बाजारात जायचं म्हणून. यांनी माझ्याकडे बघितलं, पर्सकडे बघितलं, तोंड उघडलं.

मी म्हटलं, छत्री घ्या, मफलर घ्या, बस बदलताना डावीकडे बघा, आणि तिथे कुठे बादली दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा.

"हं," म्हणाले, आणि गेले.

काय म्हणणार होते ते आता मला कसं कळणार?

दिवसभर बसून आहे. पंपघरात एक फेरी मारून आले. कळ ओढली. आज कोणी रांगेत नव्हतं.

शुक्रवार, ४ एप्रिल, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे

तोंडी व्यवहाराने हे प्रकरण सुटणार नाही हे सिद्ध झालं आहे. खालील पत्र स्वच्छ अक्षरात लिहून यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलं आहे. ही त्याची नक्कल.

"महोदय,

काल सकाळी सुमारे दहा वाजता, दारात उभे असताना, आपण काही बोलण्याच्या बेतात होता. अर्जदाराच्या सूचनांमुळे ते राहून गेले. सूचना आवश्यक होत्या. तरी राहून गेलेले वाक्य जसे होते तसे, काटछाट न करता कळवावे. ते 'चल' असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.

तसेच, दोरखाना सोमवारी बंद असतो आणि किल्ली आपल्याकडे असते असे समजते. अशा एखाद्या सोमवारी, प्रेक्षक नसताना, आपण अलीकडच्या टोकापासून पलीकडच्या टोकापर्यंत पूर्वीप्रमाणे चालू शकाल काय, हेही कळवावे. चाकाची व्यवस्था अर्जदार करील. मॅडमना कळवण्याची गरज नाही. वाट आधी झाडून, मोकळी करून घेतली जाईल. अर्जदार तीन शब्दांच्या पलीकडे जाणार नाही. सुतात पुन्हा गुठळी आलीच तर ती तशीच राहू द्यावी, अर्जदाराची त्यास हरकत नाही.

उत्तर लेखी हवे, आणि ते सोमवार, ७ एप्रिल, दुपारी बारा वाजण्याच्या आत या टेबलावर यावे. तोपर्यंत अर्जदार घरात एक शब्दही बोलणार नाही, याची नोंद घ्यावी."